डाव्या हाताची गाठ

ओढ्याचं पाणी उतरलं तेव्हा सगळ्यात आधी उतरला तो चक्कीवाल्याचा आवाज. पाणचक्कीत दगडांच्या दोन जोड्या होत्या. दोन्ही फिरत असल्या की ओरडूनच बोलावं लागे, आणि ती सवय त्याच्यात इतकी मुरली होती की जेवणात मीठ कमी आहे हेसुद्धा तो पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं सांगे. आता चाकावर जेमतेम एका जोडीपुरतं पाणी पडत होतं, तेही दुपारपर्यंत. पुढे चाक थांबे. त्या शांततेत स्वतःचाच आवाज कानावर पडला तसा तो दचकला आणि हळू बोलायला लागला.

बहिणीला हे लक्षण बरं वाटलं नाही. "हळू बोलणारा माणूस विचार करायला लागतो," ती म्हणाली, "आणि ह्या घरात विचार करायचं काम माझ्याकडे आहे."

तिला सगळे अक्का म्हणत. भावाहून आठ वर्षांनी मोठी. लवकर विधवा झाली, भावाकडे आली, भावजय गेल्यावर तिची मुलगी वाढवली आणि उरलेल्या वेळात आसपासच्या सोयरिकी जुळवल्या. एकूण चौदा. त्यांतल्या तेरा जोड्या अजून एकमेकांशी बोलतात. अक्काशी बोलणाऱ्या तीन.

पंधरावी घरातच अडली होती. मुलगी अंगानं काटक, कामाला वाघ, गोणी नुसती बघून वजन सांगणारी. पण डावखुरी. पहिले पाहुणे आले तेव्हा अक्कानं तिला उजव्या हातानं पाण्याचा पेला द्यायला लावला. हात थरथरला आणि पाणी पाहुण्याच्या मांडीवर गेलं. दुसरे आले तेव्हा ती विसरली, डाव्या हातानं पेला पुढे केला. थेंब सांडला नाही, पण मुलाच्या आईनं पेल्याला हात लावला नाही. म्हणजे एक गेले सांडलं म्हणून, आणि दुसरे गेले सांडलं नाही म्हणून. तेव्हापासून अक्का दिवसातून चाळीस वेळा म्हणे, "उजवा, पोरी, उजवा." मुलगी हात बदले. अक्काची पाठ वळली की पुन्हा बदले.

बाप मात्र वाट बघत होता. घर चांगलं हवं. चांगलं म्हणजे आपल्याहून एक पायरी वर. आपल्याहून खाली कोण कोण आहे, हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. वर कोण आहे ते मोजायला मात्र फार वेळ लागत नव्हता. ओढ्याच्या वरच्या अंगाला मोठं घर होतं आणि पाणी तिकडूनच येत होतं.

चक्कीवर कोणी कोणाला नाव विचारत नसे. गोणी दाराशी टेकवून माणूस निघून जाई आणि चक्कीवाला गाठ बघून ओळखे. मास्तर दोन वेढे घेऊन शेपूट आत खोचत. कुंभाराची गाठ ओल्या हातानं बांधलेली, वाळली की लोखंड. शिंपिणीच्या गाठीत रंगीत चिंधी. दळण झालं की गोणी त्याच घरच्या गाठीनं बांधून द्यायची, म्हणजे कोणाचं पीठ कोणाकडे जात नाही. "गाठ म्हणजे घर," चक्कीवाल्याचा बाप सांगायचा. त्याचाही बाप सांगायचा. तीन पिढ्यांत एकदाही चुकलं नव्हतं, आणि जे तीन पिढ्यांत चुकलं नाही त्याच्यावर माणूस डोळे मिटून पडतो.

मोठ्या घरची गाठ म्हणजे निरगाठ. तिथला गाडीवान ती आवळून बांधायचा, आणि सोडताना मुलीची नखं तुटायची. सुरगाठ असती तरी तिला सोपं नव्हतं. सगळं जग सुरगाठीचं शेपूट उजवीकडे सोडतं, उजव्या हातानं ओढायला. मुलगी गोणीला अर्धा वळसा घालून पलीकडून हात घाली. लहानपणापासून तशीच करत आली होती, त्यामुळे आपण वळसा घालतो हे तिलाही माहीत नव्हतं.

*

एक जोडी बंदच होती, म्हणून चक्कीवाल्यानं टाकी लावून, म्हणजे दगडांना छिन्नीनं पुन्हा खाचा पाडून घ्यायचं ठरवलं. दगड घासून गुळगुळीत झाले की दाणा कापला जात नाही, चिरडला जातो, आणि पीठ गरम निघतं. त्यासाठी गावोगाव फिरणारा टाकीवाला बोलावला. तिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलण्यात कंजूष. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत निळे बारीक ठिपके होते. छिन्नीचे तुकडे उडून कातडीखाली बसतात आणि तिथंच राहतात. अनुभव दाखवायला दुसरं काही नसतं, म्हणून नव्या चक्कीवर गेलं की टाकीवाला आधी बाही वर करतो.

त्यानं बाही वर केली. चक्कीवाल्यानं हात बघितले, मान हलवली आणि पायरीकडे बोट दाखवलं. "तिथं बसून जेवायचं. झोपायची सोय तुझी तू बघ. घरात वयाची मुलगी आहे."

"बरं मालक," टाकीवाला म्हणाला, आणि त्या दिवसाचं बोलणं संपवलं.

झोपायची सोय त्यानं मोठ्या घरच्या कोठारात लावली. काम महिन्याचं होतं, दोन्ही जोड्यांचं. पहिल्या जोडीचा वरचा दगड उलटा करून तो त्याच्यावर मांडी घालून बसे, कोपराखाली कोंड्याची उशी, आणि सकाळपासून टक टक टक. मुलगी पलीकडच्या जोडीत दाणा सोडत असे. दोघांच्या मध्ये पिठाचा धूर आणि बारा हात अंतर. दुपारी चाक थांबलं की ती त्याला ताट आणून देई, उजव्या हातानं. तो ताट घेई आणि तिच्या हाताकडे बघे. जेवून उठला की चक्कीवाला मुलीला सांगे, "पायरी झाडून घे, दगडाची भुकटी पडली असेल."

आठवड्यानं मोठ्या घरच्या गोण्या आल्या. मुलगी निरगाठीच्या तयारीनं दाभण घेऊन गेली आणि उभी राहिली. सुरगाठ होती, आणि शेपूट डावीकडे. तिनं डाव्या हातानं ओढलं. गोणीनं तोंड उघडलं. वळसा नाही, नख नाही, दाभण नाही. दुसरी गोणी तशीच. अकराच्या अकरा तशाच.

तिनं अकरावी सुतळी फेकली नाही. कमरेला खोचली.

अक्काच्या नजरेतून डाळीतला खडा सुटत नाही, तर ही सुतळी कुठून सुटणार. तिसऱ्या खेपेला तिनं स्वतः गोणी तपासली. "अरे, इकडे ये. ही गाठ कोणाची?"

"मोठ्या घरची गोणी आहे."

"गोणी नाही विचारली. गाठ विचारली."

चक्कीवाला वाकला, बघितलं. गाठ म्हणजे घर. मोठ्या घरानं गाठ बदलली होती, आणि बदलून ती कोणाच्या हाताला सोपी केली होती हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"भाचेसाहेब आलेत ना शहरातून," अक्का म्हणाली. "बिनलग्नाचे. मामानं कोठाराची देखरेख त्यांच्याकडे दिलीय म्हणतात. गेल्या महिन्यात चक्की बघायला आले होते, तेव्हा पोर गोणी सोडत होती. तासभर उभे होते."

"पावसाची सर गेली नाही म्हणून उभे होते."

"सर दहा मिनिटांची होती." खरं तर सर तासभराचीच होती, पण सोयरीक जुळवणाऱ्या बाईच्या हवामानाला कोणी आव्हान देत नसतं.

चक्कीवाल्याचा आवाज त्या संध्याकाळी पूर्वीसारखा चढला. मुलीला विचारलं नाही कोणी. तिच्या कानात मात्र ते शिरलं, आणि मोठ्या घरानं आपल्या डाव्या हाताकडे बघितलं नि तोंड फिरवलं नाही, ह्या विचारानं तिची पाठ थोडी ताठ झाली. चार दिवस ती अगदी ताठ चालली.

*

ही बातमी टाकीवाल्याला अक्कानंच दिली. दुसऱ्या जोडीचं काम अर्ध्यावर आलं होतं.

"आता जरा लवकर आटप," ती म्हणाली. "घरात कार्य निघेल."

"कसलं, मावशी?"

"मावशी नको म्हणूस, मी कोणाची मावशी नाही. पोरीचं. मोठ्या घरचे भाचेसाहेब तिच्यासाठी स्वतःच्या हातानं गोण्या बांधतात. डाव्या हाताच्या गाठी. शिकलेल्या माणसाची रीतच वेगळी."

टाकीवाल्याची हातोडी वरच्या वर थांबली.

"तिला आवडल्या गाठी?"

"आवडल्या? सुतळ्या उशाखाली ठेवते."

त्यानं हातोडी मारली. छिन्नी घसरली आणि सरळ रेघेत एक वाकडी खूण उठली. महिन्यात पहिली. ती नीट करायला त्याला संध्याकाळ झाली. त्यानंतर तो दोन दिवसांचं काम एका दिवसात करायला लागला. ज्या घरात जागा नाही तिथून माणसानं लवकर निघावं, एवढं शहाणपण फिरतीच्या माणसाला असतंच. आपण कुठून निघतोय हे मात्र त्याला नीट कळलेलं नसतं.

पुढच्या गोण्या आल्या त्या निरगाठीच्या.

मुलीनं दाभण शोधलं. अक्का कपाळाला हात लावून बसली. "रुसले. आपण काही उत्तर दिलं नाही, म्हणून रुसले. मोठी माणसं किती दिवस वाट बघतील? अरे, उद्या सकाळीच जायचं."

"जायचं? आपण?"

"तू कोट घाल. बोलायचं मी बघते."

*

कोट लग्नातला होता. खांद्यात बसेना, आणि कितीही झटकला तरी शिवणींतून पीठ गळत राहिलं. मोठ्या घराच्या ओसरीत एक बाक होता. चक्कीवाला त्याच्याकडे वळला तसा नोकर म्हणाला, "तो कारभाऱ्यांचा आणि मास्तरांचा. तुम्ही इथं." इथं म्हणजे पायरीवर, जोड्यांच्या शेजारी.

ऊन पहिल्या फरशीवरून चौथीवर जाईपर्यंत दोघं बसून राहिले. आत भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं. चक्कीवाल्यानं टोपी मांडीवर ठेवली, मग डोक्यावर, मग पुन्हा मांडीवर. शेवटी बाईसाहेब आल्या, आणि मागून भाचेसाहेब. दोघं उठले. नोकरानं फडकं आणून पायरीवर उमटलेलं पीठ पुसलं. ते दोघं अजून तिथंच उभे आहेत ह्याची त्याला अडचण वाटली नाही.

अक्कानं पदराखालून सुतळ्यांची गुंडी काढली आणि भाचेसाहेबांपुढे धरली. "आपलं आमच्याकडे पोचलं."

त्यांनी गुंडी घेतली. उलटसुलट करून बघितली. "सुतळी?"

"पोरीनं एकूण एक जपून ठेवलीय."

"परत करायची असते का? मला ह्यातलं खरंच काही कळत नाही."

"डाव्या बाजूची सुरगाठ," अक्का म्हणाली. आवाज पहिल्यांदाच जरा बारीक झाला होता. "मुद्दाम बांधल्याशिवाय पडत नाही ती. गोण्या आपल्या घरच्या."

"अक्का, मी आयुष्यात गोणीला हात लावलेला नाही." हे ते ना मिरवत म्हणाले ना लाजत. समुद्र बघितला नाही असं कोणी सांगावं तसं सांगितलं.

बाईसाहेबांना उशिरा उमगलं, पण पूर्ण उमगलं. सुतळीवरून त्यांची नजर अक्काकडे गेली, अक्कावरून भावाकडे, आणि तिथून कोटाच्या शिवणींकडे. "म्हणजे सोयरीक घेऊन आलेत," त्या नोकराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. "गोणीबरोबर."

"मामी, राहू दे," भाचेसाहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आम्ही ओढ्याच्या पाण्याच्या पाळीचं विचारायला आलो होतो," चक्कीवाला म्हणाला.

"पाळी आमची पहिली. पहिलीच राहील. त्यात विचारायचं काय?"

जाता जाता भाचेसाहेबांनी गुंडी परत दिली, दोन्ही हातांनी. "ज्यानं कोणी बांधल्या त्यानं मनापासून बांधल्यात. एवढं मलाही दिसतं. कोठारात विचारा."

कोठाराच्या दाराशी गाडीवान बैल जुंपत होता. "गोण्या ना? तुमचा टाकीवाला बांधायचा की. मला म्हणाला, झोपायला जागा दे, भरायचं बांधायचं मी करतो. माझ्या कमरेची सुटका झाली. पहिल्या रात्री एकेक गाठ चार चारदा बांधून बघत होता, म्हटलं ह्याला गाठ येत नाही की काय. आता आठवडा झाला, भरतो पण बांधत नाही. म्हणतो, ज्याच्या घरची गोणी त्यानं बांधावी. म्हणून माझ्या निरगाठी येतात. काय, सुटत नाहीत का?"

"सुटतात," अक्का म्हणाली. "आत्ताच सुटली."

ओढ्याकाठच्या वाटेनं दोघं पुढेमागे चालले होते.

"अक्का, गाठ म्हणजे घर."

"हो."

"पण ह्या माणसाला घर नाही."

"म्हणून तर आपल्याला वाचता आली नाही."

पुन्हा काही पावलं गेली. "नोकरानं पायरी पुसली," चक्कीवाला म्हणाला. "मी तिथंच उभा होतो."

"पीठ होतं त्याच्यावर."

"मीही झाडून घ्यायला लावतो. तो तिथंच उभा असतो."

अक्का ह्यावर काही बोलली नाही. तिच्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नव्हतं.

*

चक्कीवर तेव्हा मुलगी निरगाठीशी झटत होती. दाभण मोडलं होतं. दातांनी धरून बघितलं, सुतळीची चव तोंडभर झाली, गाठ होती तिथंच.

टाकीवाल्याचं काम संपलं होतं. वरचा दगड त्यानं तरफेनं जागेवर उतरवला होता. आता तो छिन्न्या पुसून गोणपाटावर ओळीनं मांडत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं, न बघितल्यासारखं केलं, पुन्हा बघितलं. मग एक बारीक छिन्नी घेऊन आला, गाठीच्या पोटात घातली आणि पिळली. गाठ सुटली.

"आधीच्या आपसूक सुटायच्या," ती म्हणाली.

"हो."

"आत्या म्हणते ते रुसले."

त्यानं परत जाऊन गोणपाटाची गुंडाळी केली, वर सुतळीचे दोन वेढे घेतले आणि पायरीवर बसून गाठ मारली. मारताना त्याचं लक्ष गाठीकडे नव्हतं, ओढ्याकडे होतं. मुलीचं गाठीकडेच होतं. महिनाभर तिनं त्याला उजव्या हातानं हातोडी मारताना बघितलं होतं. आता त्याच उजव्या हातानं वेढा घेतला, पीळ दिला, आणि शेपूट डावीकडे पडलं.

ती गोणी तशीच टाकून आली. "ही गाठ कुठं शिकलात?"

त्यानं खाली बघितलं. आपल्या बोचक्याला दुसऱ्याच कोणी गाठ मारून ठेवल्यासारखा तो त्या गाठीकडे बघत राहिला. "सवय लागली."

"कशाची?"

"तुम्ही गोणीला वळसा घालायच्या. पहिल्याच दिवशी दिसलं. प्रत्येक गोणीला अर्धा फेरा, दिवसाला तीस गोण्या." एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. "उगाच चालणं. वाटलं, निदान ज्या माझ्या हातात आहेत त्या तरी."

"मग बोलला का नाहीत?"

"मावशी म्हणाल्या, ते बांधतात. मला वाटलं, ते बांधतात म्हणूनच आवडल्यात. मग मी मध्ये कशाला."

ती पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. खोटं बोलणं तिला जमत असतं तर उजव्या हातानं पाणी देणंही जमलं असतं. "चार दिवस आवडलं," ती म्हणाली. "मोठ्या घरानं बघितलं म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही? पण ते गोणी बांधतायत असं काही केल्या डोळ्यांपुढे येईना. हात यायचे. आणि त्यांच्यावर निळे ठिपके असायचे. म्हटलं, माझंच काही चुकतंय."

टाकीवाल्यानं बाही हळूच खाली ओढली. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा वर केली.

तिनं डावा हात पुढे केला, शेपूट धरलं आणि ओढलं. बोचकं उघडलं. एकोणीस छिन्न्या खणखणत पायरीवरून खाली गेल्या. एक तर पार पाटाच्या कडेपर्यंत.

"आता हे सगळं परत गोळा करावं लागेल," तो म्हणाला.

"बांधा की. मी पुन्हा सोडीन."

*

चक्कीवाला अंगणात आला तेव्हा दोघं ओणवी होऊन छिन्न्या वेचत होती. कोट त्याच्या खांद्यावर होता. त्यानं मुलीकडे बघितलं, टाकीवाल्याकडे बघितलं, आणि मग बराच वेळ पायरीकडे.

"तुम्ही जेवलात का?" तो म्हणाला.

टाकीवाल्यानं मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"तुम्हालाच विचारतोय. तिथं ऊन लागतं. आत बसा." मग, इतकं एकदम दिलं ह्याची धास्ती वाटून, तो घाईनं पुढे म्हणाला, "आधी दगड बघू. काम बघितल्याशिवाय मी कोणाला काही म्हणत नसतो."

चक्कीमागच्या तळ्यात साठलेलं थोडं पाणी होतं. त्यानं पाटाचं दार उचललं. चाक कुरकुरलं, अडलं, फिरलं. नवी जोडी हलकेच बोलायला लागली. मुलीनं मूठभर दाणा सोडला. पन्हळीतून पीठ आलं तसं चक्कीवाल्यानं ते अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळलं. त्याच्या घरात तीन पिढ्या माणसं, दिवस आणि देवसुद्धा ह्याच दोन बोटांत तपासले गेले होते.

टाकीवाला भिंतीला टेकून उभा होता.

"दोन जोड्या," चक्कीवाला म्हणाला, पिठाकडेच बघत. "वर्षात दोनदा टाकी लागते. मधल्या दिवसांत काय?"

"चक्क्या फिरेन. परत येईन."

"कशावरून?"

"माझ्या अर्ध्या छिन्न्या इथं राहतील."

"आणि पाणी वाढलं, दोन्ही जोड्या चालू झाल्या, तर मला एक माणूस कमीच पडतो." चक्कीवाल्यानं पुन्हा चिमूट चोळली, गालाला लावून बघितली. "पीठ गार आहे," तो म्हणाला.

मुलीनं बापाकडे बघितलं. दळणाला बरं म्हणताना तिनं त्याला ऐकलं होतं. गार म्हणताना एकदाच, आईनं कधीतरी निवडलेल्या दगडाच्या पिठाबद्दल.

अक्का तोवर घरात जाऊन चटई घालून आली होती. सकाळच्या पायरीचं तिच्या चेहऱ्यावर आता फार उरलं नव्हतं. उलट तिनं हिशेब पुन्हा मांडला होता आणि तो जमला होता. "मी आधीपासून म्हणत होते की गाठ कोणीतरी मुद्दाम बांधतंय," ती म्हणाली. "म्हणत होते की नाही? पंधरावी."

"तू भाचेसाहेब म्हणत होतीस," भाऊ म्हणाला.

"माणूस चुकला. सोयरीक चुकली नाही."

टाकीवाला दारात घुटमळला, पाय पुसले, पुन्हा पुसले, आणि आत येऊन चटईच्या अगदी कडेला बसला. मुलगी पाण्याचा पेला भरून आली. दारापाशी थांबून तिनं सवयीनं पेला उजव्या हातात घेतला. पेला हलला, काठावर पाणी चढलं.

"डावा, पोरी," अक्का म्हणाली. "सांडशील."